सरपंचपती हे कोण?

आमच्या उमरगा तालुक्यात, आणि आमच्याच का, साऱ्या महाराष्ट्रात, गेल्या तीसेक वर्षांत एक नवा हुद्दा निर्माण झाला आहे. या हुद्द्याला पगार नाही, शपथ नाही, निवडणूक तर नाहीच नाही. पण लग्नपत्रिकेत तो छापतात, जत्रेच्या फलकावर तो झळकतो, आणि तालुक्याच्या कचेरीत शिरताना शिपाईसुद्धा त्याला वाट करून देतो. हुद्द्याचे नाव ‘सरपंचपती’. राष्ट्रपती, सेनापती, कुलपती हे शब्द कानावरून गेलेल्या भोळ्या माणसाला वाटावे की हा सरपंचाच्याही वरचा कोणी अधिकारी असेल. आणि खरे सांगायचे तर त्या भोळ्या माणसाचे काही चुकत नाही. व्यवहारात तसेच आहे.

फराळाचे ताट पुढे घेऊन अंक चाळायला बसलेल्या कुटुंबासमोर हे कारले कशाला वाढता, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे, की एरवी हा विषय काढायला जागाच नाही. निवडणुकीच्या दिवसांत काढला तर लोक विचारतात, तुम्ही कोणत्या पार्टीच्या? निवडणूक नसताना काढला तर म्हणतात, आता काय त्याचे? दिवाळीत निदान घरातली सारी माणसे एका छपराखाली असतात, आणि हा विषय घरातलाच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. 2013 साली निवृत्त झाले. उमरग्याहून दोन-अडीच कोसांवरच्या खेड्यात राहते. नोकरीत असतानाचा एक 15 ऑगस्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. गावाचे नाव लिहीत नाही. ते गाव वाईट नव्हते आणि ती माणसेही वाईट नव्हती. ग्रामपंचायतीपुढे झेंडा बांधलेला, मुले रांगेत उभी. सरपंचबाई नवे लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन आल्या, आणि झेंड्यापासून दहा हात दूर, बायकांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या. दोरीपाशी त्यांचे मालक. दोरी त्यांनी ओढली, नारळ त्यांनी फोडला, भाषणही त्यांनीच केले. भाषणाचा विषय होता स्त्रीशक्ती. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, हे येथे कबूल केले पाहिजे.

समारंभ झाल्यावर मी बाईंना म्हटले, “अहो, दोरी तुमची होती.” त्या हसल्या. म्हणाल्या, “मला काय कळतंय बाई त्यातलं? ह्यांलाच इचारा.”

हे वाक्य मी आजवर इतक्या तोंडून ऐकले आहे की ते सरपंचपदाच्या शपथेतच आहे की काय, असा संशय यावा. सरपंचपतींचा सारा डोलारा याच एका वाक्यावर उभा आहे: तिला कळत नाही, म्हणून मी बघतो. तेव्हा आधी या न कळण्याचाच समाचार घेऊ.

ग्रामपंचायतीचा कारभार म्हणजे काही परराष्ट्र धोरण नव्हे. नळाला पाणी कधी येते, टँकर कोणत्या गल्लीला चुकतो, गटार कोठे तुंबते, अंगणवाडीत खाऊ शिजतो की नुसता वहीत शिजतो, दिव्याच्या खांबाखाली अंधार कोणत्या वळणावर असतो: एवढेच ते राज्य. आता या यादीतली कोणती गोष्ट गावातल्या बाईला कळत नाही आणि पारावर बसलेल्या पुरुषाला कळते, ते कोणी मला समजावून द्यावे. घागर डोक्यावर कोणाच्या असते? अंधाऱ्या वळणावर जीव मुठीत कोण धरते? आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा हिशोब तोंडपाठ असणारी बाई आणि तो विचारल्यावर ‘विचारून सांगतो’ म्हणणारा पुरुष, हे दृश्य घरोघरचे आहे.

आणि आमच्या तालुक्याला तर या बाबतीत बोलायला तोंडच नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट येथल्या कोणी विसरलेले नाही. गणपती बोळवून लोक निजले होते, आणि चारच्या सुमारास जमीन हलली. लातूरकडचे किल्लारी आणि आपल्याकडचे सास्तूर (आज लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा ते उमरगा तालुक्यातच होते) मिळून हजारो माणसे मातीच्या धाब्याखाली गेली. पुढे गावोगाव घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण निघाले, तेव्हा सरकारपुढे प्रश्न पडला, की इंजिनियरचे म्हणणे गावाला आणि गावाचे म्हणणे इंजिनियरला कळवायचे कोणी? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने सांगितले, बायका कळवतील. त्या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतल्या महिला मंडळांतून बायका निवडल्या, त्यांना ‘संवाद सहायक’ असे नाव मिळाले. भिंत कशी बांधायची, कोपरे कसे जोडायचे, हप्ता कधी मिळणार, कोणाचा अडला आहे, हे सारे या बायकांनी घरोघर फिरून सांगितले आणि कामाच्या दर्जावर नजर ठेवली. अक्षरशत्रू असलेल्या बायासुद्धा त्यांत होत्या. संकट कोसळले तेव्हा बाईला सिमेंटवाळूचे प्रमाण कळत होते. मग संकट सरल्यावर तिला गटाराचे प्रमाण कळेनासे झाले, हे कसे?

योगायोग पाहा, त्याच वर्षी, 24 एप्रिल 1993 रोजी, घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती अंमलात आली आणि पंचायतीत एकतृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने 2011 साली त्या निम्म्या केल्या. 2017 पासून, मधला 2020 ते 2022 चा खंड सोडला तर, सरपंचाची निवड थेट गावाच्या मतांनी होते. म्हणजे आजची सरपंचबाई ही साऱ्या गावाने निवडलेली बाई. तिची सही आणि ग्रामसेवकाची सही (त्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) अशा दोन सह्यांवाचून गावचा पैसा हलत नाही. आता तर संगणकावरच्या सहीची एक बोटभर किल्ली मिळते. ती किल्ली कोठे असते, हे मी विचारू नये आणि सरपंचपतींनी आपल्या जाकिटाच्या खिशाकडे पाहू नये.

येथे दुसरे उत्तर पुढे येते, आणि ते पहिल्यापेक्षा शहाजोग असते. “अहो, आम्हीच तर तिला उभी केली. अर्ज आम्ही भरला, खर्च आम्ही केला, जागा राखीव झाली म्हणून दिली संधी.” या ‘दिली’ या शब्दाशी माझे भांडण आहे. हा सारा लेख त्या एका क्रियापदाविरुद्ध आहे, असे समजले तरी चालेल.

बायकांना मत कोणी दिले याचा इतिहास मुंबई-पुण्याकडे थोडा निराळा आहे. तिकडे इंग्रजांचे राज्य. मत आधी मालमत्ता असलेल्या पुरुषांना मिळाले. बायका मागू लागल्या तेव्हा साउथबरो समितीने नकार दिला. 1919 च्या कायद्याने तो निर्णय प्रांतांवर सोपवला. रमाबाई रानड्यांसारख्या बायकांनी सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 1921 साली मुंबईच्या कायदेमंडळाने बायकांना मत दिले; तेही मालमत्तेची अट ठेवून. 1935 च्या कायद्याने काही बायकांना नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर मत मिळाले, म्हणजे कुंकू हीच पात्रता. डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मागितले होते, पण त्यांचे ऐकायला घटना यावी लागली. तेव्हा पुण्यातल्या एखाद्या आजोबांनी ‘आम्हाला आधी होते, मग आम्ही बायकांना दिले’ अशी मखलाशी केली, तर तिला निदान तारखेचा आधार तरी आहे.

उमरग्यात तोही नाही. आम्ही निजामाच्या राज्यातले. येथल्या सामान्य माणसाच्या मताला, मग तो पाटील असो की पाटलाचा सालगडी, राज्यकारभारात कवडीची किंमत नव्हती. रझाकारांच्या धाकात बाई जशी दार लावून बसत होती तसाच बुवाही बसत होता. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झाले, 26 जानेवारी 1950 ला घटना आली, तिच्या 326 व्या कलमाने एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिले, आणि 1952 च्या निवडणुकीत आमच्या सासऱ्यांनी आणि सासूबाईंनी एकाच दिवशी, एकाच शाळेत, आयुष्यातले पहिले मत टाकले. आधी कोणी नाही, मागाहून कोणी नाही. या मातीत नवऱ्याने बायकोला मत दिलेले नाही. दोघांनाही ते घटनेने दिले, एकाच हाताने आणि एकाच मापाने. सबब ‘आम्ही दिले’ हे उमरग्याच्या पुरुषाच्या तोंडी शोभत नाही. त्याच्यापाशी द्यायला काही नव्हतेच.

त्या मतदानाची हकिगत सासूबाई पुष्कळदा सांगत. यादी करायला माणूस दारी आला. सासऱ्यांनी आपले नाव सांगितले. “घरात बाईमाणूस?” “आहे की, मंडळी आहे.” “नाव?” येथे सासरे अडले. लग्नात नवे नाव ठेवले होते, पण ते हाक मारायला कोणी वापरलेच नव्हते. घरात सगळे ‘धाकटी’ म्हणत, आणि सासरे तर ‘अगं’ एवढ्यावर भागवीत. त्यांनी ओसरीवरून आत वळून विचारले, “तुझं नाव काय गं?” सासूबाईंनी चुलीपुढूनच उत्तर दिले, आणि दिले ते माहेरचे नाव. तेच यादीत लागले. मरेपर्यंत त्या मतदार म्हणून माहेरच्या नावाने राहिल्या, आणि बाकी सगळीकडे सासरच्या.

ही केवळ घरगुती गंमत समजू नये. त्याच पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे आठ कोटी बायका मतदार ठरत होत्या, आणि त्यांपैकी अठ्ठावीस लाखांच्या आसपास नावे यादीतून गाळावी लागली. कारण एकच: त्यांनी आपले नाव सांगितले नाही, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश इकडच्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले, की ज्याला नाव नाही त्याला मत नाही. त्या वेळी त्यांच्यावर टीका झाली असेल. मला मात्र हा कठोरपणा उपकारासारखा वाटतो. सरकार प्रथमच बाईच्या दाराशी येऊन म्हणत होते, तुझ्या नवऱ्याचे नाव नको, तुझे सांग.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर चिन्ह चिकटवलेले. कागद ज्या पेटीत टाकाल त्याला मत. मतदान करून परतल्यावर सासऱ्यांनी विचारले, “कुठल्या पेटीत टाकलंस?” सासूबाई म्हणाल्या, “त्या पेटीलाच इचारा.” सासरे दोन दिवस बोलले नाहीत म्हणे. सासूबाईंनी ते गुपित सांगितले नाही ते नाहीच. मला सुनेलाही नाही.

आता माझे ऐका. मी डी.एड. झालेली, नोकरी करणारी, खुर्चीवर बसून पगार घेणारी. 1977 साली मला एकवीस पूर्ण झाली होती. पहिले मत त्याच वर्षी. आदल्या रात्री जेवताना ह्यांनी सांगितले, अमक्या चिन्हावर शिक्का मारायचा. मी ‘बरं’ म्हटले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. तेथे मी एकटी होते, कोणी पाहत नव्हते, आणि मी सांगितल्या जागी शिक्का मारला. तो उमेदवार चांगला होता की वाईट हा प्रश्नच नाही. चुलीपुढची अडाणी बाई जे राखू शकली, ते मी पदविका घेऊन राखले नाही. पुढची तीन मतदाने अशीच गेली. चौथ्याला ह्यांनी काही सांगितले नाही, कारण ते त्या वेळी आजारी होते, आणि मी आडोशात उभी राहून घाबरले. कोणाला द्यावे, हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. बारा-चौदा वर्षे दुसऱ्याच्या डोक्याने मत दिले की स्वतःचे डोके त्या कामापुरते बधिर होते, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून ‘ह्यांलाच इचारा’ म्हणणाऱ्या सरपंचबाईला मी हसत नाही. ते वाक्य माझेही होते.

पुढे निवडणुकीच्या कामावर माझी नेमणूक होऊ लागली. मतदान केंद्रावर पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो आणि ते मोठ्याने वाचतो, प्रतिनिधींनी ऐकावे म्हणून. हे काम मला आवडे. पदर दातात धरून उभ्या असलेल्या एखाद्या आजीचे पूर्ण नाव, तिचे स्वतःचे, मी भरल्या खोलीत खणखणीत वाचले की ती दचकून वर पाही. पाच वर्षांत एवढ्या मोठ्याने तिचे नाव कोणी घेतलेले नसे. उखाण्यात नवऱ्याचे नाव घ्यायला आपण बायकांना लहानपणापासून शिकवतो, त्याच्या कविता करतो. बाईचे नाव घ्यायचा उखाणा मला अजून कोणी ऐकवलेला नाही.

पण तेथेही सरपंचपतींचे भाऊबंद हजर. “बाई, तिला दिसत नाही, मी जातो तिच्याबरोबर.” अंध किंवा अपंग मतदाराला सोबती नेता येतो, त्याला नियम आहे, प्रतिज्ञापत्र आहे. पण चुलीवर तिन्हीसांजेला ज्वारीतले खडे वेचणारी बाई मतदानाच्या दिवशीच कशी आंधळी होते? मी एकाला म्हटले, सुईत दोरा ओवून दाखवायला सांगू का तिला? तो चिडला. ती मात्र पदराआड हसली, आणि एकटी आत गेली.

एका गोष्टीबद्दल आपण सगळेच फुशारकी मारतो, की आता बायका पुरुषांइतके मतदान करतात. सोळा आणे खरे आहे. 1962 च्या लोकसभा निवडणुकीत शेकडा त्रेसष्ट पुरुषांनी मत दिले आणि बायकांनी शेकडा सत्तेचाळीसच्याही आत. 2019 साली बायका पुरुषांच्या केसभर पुढे गेल्या, आणि 2024 ला पुढेच राहिल्या. रांग मोठी झाली, यात शंका नाही. पण रांगेत उभे राहणे पाच वर्षांतून एक दिवस, आणि कारभार पाच वर्षे. शिवाय त्या रांगेतून कोण गळते तेही पाहावे. लग्न होते, मुलीचे नाव माहेरच्या यादीतून कापले जाते, सासरच्या यादीत घालायला मात्र कोणाला सवड नसते. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. अर्ज भरायचा असतो, तो ‘पुढच्या वेळी’ भरला जातो. सासूबाईंच्या वेळी नाव न सांगितल्याने मत जाई. आता दोन नावे सांगितल्याने जाते.

आणि दिवाळी झाली की आमच्याकडून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मुकादमाच्या हिशोबात बाई अर्धा कोयता. ट्रॅक्टरवर संसार चढतो तो चैत्राच्या आगेमागे उतरतो. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, ऊसतोडीच्या ऐन तोंडावर. बरे, मतदानासाठी कोणी ना कोणी गाडी पाठवतो, कारण त्याला मत हवे असते. 26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी कोणी गाडी पाठवल्याचे ऐकले आहे? पाण्याचा, घरकुलाचा, रोजगाराच्या कामाचा विषय ज्या सभेत निघतो, त्या सभेच्या दिवशी ती बाई कोठल्याशा फडात मोळी बांधत असते.

ग्रामसभेचे तर काय सांगावे! कायदा म्हणतो, वर्षाला निदान चार सभा. कायदा असेही म्हणतो, की प्रत्येक नियमित सभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्या. गणसंख्या मतदारांच्या शेकडा पंधरा किंवा शंभर, यांत जे कमी असेल ते. एवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकुबीनंतरच्या सभेला गणसंख्येची अट नाही. म्हणजे पहिल्या सभेला कोणी येऊ नये, हेच ज्याच्या सोयीचे, त्याचे काम कायद्यानेच सोपे केले. बायकांच्या सभेचे इतिवृत्त मात्र वहीत मोत्यासारख्या अक्षरात असते; सह्याही असतात. शाळेत शिकवलेल्या मुलींची अक्षरे मला ओळखता येतात, एवढेच सांगते.

एकच जागा अशी आहे जेथे बाईचे मत पुरुषाला उसने घेता येत नाही. 2008 साली सरकारने नियम केला, की गावातल्या शेकडा पंचवीस महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घ्यावे. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. बायकांनी महाराष्ट्रात कितीतरी गावांत बाटली आडवी केली. पण त्यातली मेख बघा. आमदार निवडायचा तर पडलेल्या मतांत ज्याला जास्त तो जिंकतो. दुकान बंद करायचे तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर मत दिले पाहिजे. जी घरी राहिली ती उभ्या बाटलीच्या बाजूची, जी ऊसतोडीला गेली तीही तिकडचीच, आणि मरून गेलेली पण यादीत राहिलेली म्हातारी, तीसुद्धा मेल्यानंतर दारूच्या बाजूची! तरी बायका जिंकतात. आणि मग म्हणायचे, यांना राजकारण कळत नाही.

राखीव जागांमुळेच बायका आल्या, एरवी कोण येणार होत्या, हेही ऐकू येते. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात राखीव जागांचा देशव्यापी कायदा येण्याच्या आधीच सगळीच्या सगळी पंचायत बायकांची निवडून आली होती. शेतकरी संघटनेच्या 1986 सालच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाने जो वारा सोडला त्याचे ते फळ. आणि त्याच जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईला, गावाला बाई सरपंच सोसवत नाही म्हणून, खटपटी करून पदावरून काढले. तिला न्यायासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले. ती सरपंचबाई स्वतः कारभार करत होती. तिचा गुन्हा तेवढाच असावा.

आता भाऊबीज दोन दिवसांवर आली आहे, म्हणून शेवटी तेही बोलून टाकते. 2024 पासून सरकार बायकांच्या खात्यावर महिन्याला 1500 रुपये जमा करू लागले, आणि त्या योजनेत बाईचे नाव ‘बहीण’. निवडणुकीत एकाने 2100 चा शब्द दिला, तर दुसऱ्याने 3000 चा. त्या पैशांना मी नावे ठेवणार नाही. ज्या बाईने आयुष्यात स्वतःच्या नावाचे पासबुक पाहिले नव्हते तिच्या हातात ते आले. औषध आले, मुलीची फी आली. पोट भरलेल्यांनी त्यावर विनोद करू नयेत. माझा आक्षेप नात्यावर आहे. ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. ताटात काय पडले ते बहिणीने मोजायचे नसते, आणि माहेरच्या वाटणीबद्दल तर बोलायचेच नसते. ज्या विधानसभेने ही ओवाळणी घातली तिच्यात 2024 साली 288 जागांपैकी बायका आल्या वीस-बावीस. आमच्या लोकसभा मतदारसंघातून 1952 पासून 2024 पर्यंत एकच बाई दिल्लीला गेली, कल्पना नरहिरे, 2004 साली. लोकसभा-विधानसभेत एकतृतीयांश जागा राखणारा कायदा सप्टेंबर 2023 मध्ये झाला खरा, पण तो अंमलात कधी, तर जनगणना झाल्यावर आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, असे त्या कायद्यातच लिहून ठेवले. ओवाळणी त्याच महिन्यात, आणि वाटणी फेररचनेनंतर!

सरपंचपतींना मी शत्रू मानत नाही. त्यांतले निम्मे माझ्या हाताखाली शिकले. पाढे म्हणताना अडले तर बायकोकडे नव्हे, माझ्याकडेच बघत. त्यांना माझे एवढेच विचारणे आहे, की तुम्ही बसता ती खुर्ची कोणत्या कलमाखाली तुमची? बायको आजारी पडली तर काम उपसरपंचाकडे जाते, नवऱ्याकडे नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि सरपंचबाईंना माझे सांगणे, की ती संगणकाची किल्ली मागून घ्या, गळ्यात मंगळसूत्राशेजारी बांधलीत तरी चालेल. कागद वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या, माझ्याकडे या, मी मोकळीच आहे. पण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. एकदा ‘थांबा, आधी वाचा’ म्हणून पाहा. काय होते ते मला येऊन सांगा.

आमच्या गल्लीतल्या दहाजणींनी ठरवले आहे, की येत्या 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर घरी जायचे नाही, ग्रामसभेला बसायचे, आणि त्याआधी बायकांची सभा केव्हा झाली ते वहीत दाखवा म्हणायचे. त्यांतल्या तिघी कोयत्यावर जाणार आहेत. त्यांचे प्रश्न मी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले आहेत, खाली त्यांनी स्वतःची पूर्ण नावे घातली आहेत. एकीने माहेरचे घातले. तेच सभेत वाचणार आहे. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली तर तहकुबीनंतरच्या सभेलाही आम्ही जाणार; सतरंजी घरून नेणार आहोत, कारण मागच्या वेळी खुर्च्या कमी पडल्या होत्या म्हणे.